जुनी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी घेताना: बॅटरी कशी मोजायची आणि बाकी काय बघायचं

प्रश्न असा आहे: २०२१ ची टाटा नेक्सॉन ईव्ही, एकाच मालकाने वापरलेली, ६२ हजार किलोमीटर झालेली. फुल चार्जला मीटरवर २४० किलोमीटर दिसतात. घ्यावी का, आणि घेण्याआधी काय तपासावं? दुसरा पर्याय म्हणून दोन-तीन वर्षं वापरलेली मारुतीची ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाची हायरायडर स्ट्राँग हायब्रिडही बघितली जातेय.

मीटरवरचे ते २४० आधी डोक्यातून काढून टाका. हा आकडा गाडी अलीकडच्या चालवण्यावरून काढते. विकणाऱ्याने दोन दिवस एसी बंद ठेवून चाळीसच्या वेगाने गाडी फिरवली की थकलेली बॅटरीही २४० दाखवते. उलट, एखाद्याने हायवेवर शंभरने पळवून आणलेली उत्तम गाडी १८० दाखवेल. बॅटरी किती उरलीय हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते मोजावं लागतं, आणि मोजण्यासाठी एक सार्वजनिक फास्ट चार्जर, एक वही आणि दीड-दोन तास पुरतात.

जुनी ईव्ही तपासताना लोक चालवण्यात सगळा वेळ घालवतात आणि चार्जिंगला लावून बघतच नाहीत. चालवायला तर प्रत्येक ईव्ही छानच वाटते. मोटर आणि एका गिअरचा गिअरबॉक्स फारसा त्रास देत नाहीत. पैसे जातात ते बॅटरी पॅक, घरच्या विजेवर चालणारा गाडीच्या आतला चार्जर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पाणी शिरलेले कनेक्टर यांच्यात. म्हणून विकणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: गाडी फुल चार्ज करून आणू नका, २० ते २५ टक्क्यांवर ठेवा. पॅक अनेक छोट्या सेलचा बनलेला असतो. कमजोर सेल भरलेल्या पॅकमध्ये लपतो, रिकाम्या होत आलेल्या पॅकमध्ये उघडा पडतो. शिवाय त्याच चार्जवरून पुढे मोजणीही करता येते. या मागणीला कोणी ठाम नकार देत असेल तर ती गाडी सोडून द्या.

गाडी बघायला जाण्याआधी कागद. या मॉडेलच्या बॅटरीला आणि मोटरला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी संपेल तेवढी वॉरंटी आहे. ही मुदत पहिल्या विक्रीपासून मोजली जाते, तुम्ही घेतल्यापासून नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रस्त्यावर आलेल्या गाडीची ऑक्टोबर २०२९ ला संपेल. म्हणजे तुमच्या हातात तीन-साडेतीन वर्षं उरली असतील तर किंमतही तेवढीच द्यायची. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जा आणि तीन गोष्टी विचारा. सगळ्या सर्व्हिस वेळेवर झाल्यात का, बॅटरी पॅक किंवा आतला चार्जर कधी बदललाय का, कुठलं सॉफ्टवेअर अपडेट किंवा रिकॉल बाकी आहे का. पॅक वॉरंटीत बदललेला असेल तर घाबरू नका, उलट ती गाडी बहुधा जास्त चांगली. फक्त बदलल्याचा जॉबकार्ड, म्हणजे सेवा केंद्राची कामाची नोंद, कागदावर मिळायला हवा. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी दावा मान्य करते, तेही तिथेच लेखी विचारून घ्या.

जुलै २०२२ मध्ये नेक्सॉन ईव्ही प्राइम आली, तेव्हा आधीच्या गाड्यांनाही रिजेनचे (वेग कमी करताना मोटरनेच बॅटरी भरण्याचे) टप्पे आणि क्रूझ कंट्रोल सॉफ्टवेअरने देऊ केले होते. २०२१ च्या गाडीत हे टप्पे नसतील तर मालक त्यानंतर सेवा केंद्राच्या संपर्कात किती होता, याची शंका घ्यायला जागा आहे. रिकॉलचा मुद्दा इतर मॉडेलना जास्त लागू होतो. ह्युंदाईने डिसेंबर २०२० मध्ये भारतातल्या ४५६ कोना इलेक्ट्रिक हाय-व्होल्टेज बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. जुनी कोना बघत असाल तर त्या गाडीचं काम झाल्याची नोंद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'आयुष्यभराची बॅटरी वॉरंटी' हे शब्द जाहिरातीत दिसले तर लगेच विचारा की कोणाच्या आयुष्यभराची. अशा योजना साधारणपणे पहिल्या मालकापुरत्या असतात आणि गाडी हस्तांतरित झाली की मर्यादित वर्षांवर येतात. याहून महत्त्वाची अडचण भाड्याच्या बॅटरीची आहे. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आणली तेव्हापासून गाडी एका किमतीला आणि बॅटरी दर किलोमीटरच्या हप्त्यावर, अशी योजना चालू आहे. अशी गाडी स्वस्त दिसते, कारण बॅटरीचं कर्ज अजून फिटायचं असतं. आरसी बुकावर कोणाचा बोजा आहे ते वाहन पोर्टलवर बघा. बॅटरी आणि गाडी दोन्हींसाठी वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

नंबर प्लेटही वाचा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक. टॅक्सीतून निघालेल्या ईव्ही आता मोठ्या संख्येने बाजारात येतात, त्यातल्या काही खासगीत बदलून विकल्या जातात. आरसीचा इतिहास बघितला तर हे कळतं. अशी गाडी वाईटच असते असं नाही, पण रोज दोनदा फास्ट चार्जवर जगलेली असते. टाटाची टॅक्सीसाठीची एक्सप्रेस-टी सुरुवातीला १६.५ आणि २१.५ युनिटच्या (किलोवॉट-तासांच्या) पॅकमध्ये होती, तर दिसायला तिच्यासारखीच असलेली टिगोर ईव्ही २६ युनिटची. दोन्हींचा भाव एक लावू नका.

आता बॅटरी. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट, म्हणून इथे युनिटच म्हणू. नव्या नेक्सॉन ईव्हीचा पॅक ३०.२ युनिटचा. प्रत्यक्षात वापरायला त्याहून थोडं कमी मिळतं, कारण वर-खाली थोडी जागा राखून ठेवलेली असते. तपासणीचा गाभा एवढाच की ठरावीक टक्के भरायला किती युनिट लागली.

गाडी २० टक्क्यांवर असताना सीसीएस-२ (या गाडीला बसणाऱ्या प्लगच्या) फास्ट चार्जरला लावा आणि ८० टक्के होईपर्यंत थांबा. लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी राहू द्या, म्हणजे टक्क्यांचा आकडा स्थिर होतो. चार्जरच्या पडद्यावर किंवा अ‍ॅपच्या बिलात युनिट येतात. ६० टक्के म्हणजे नव्या पॅकमध्ये साधारण १८ युनिट. बिलात १६ च्या आसपास आली तर पॅक वयाच्या मानाने ठीक आहे. समजा १४.५ आली. त्यातली पाचेक टक्के वाटेत आणि बॅटरी थंड करण्यात जातात, राहिली १३.८. भागिले ०.६ केलं की पूर्ण पॅक २३ युनिटचा निघतो, म्हणजे ३०.२ च्या ७६ टक्के. या वयाच्या आणि इतक्या पळालेल्या गाडीत ८५ च्या वर काहीही समाधानकारक. ८० ते ८५ मध्ये असेल तर भाव पाडून घ्यायची. ८० च्या खाली असेल तर वॉरंटीचा दावा विकणाऱ्यालाच करायला लावा आणि निकाल लागल्यावर या.

घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर मोजायचं असेल तर स्वतंत्र युनिट मीटर लावा आणि घरची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करताना १० ते १५ टक्के वाया जातात हे धरा. ही पद्धत हळू आहे, पण रात्रभर लावून २० ते १०० पर्यंत मोजता येतं. जितकी मोठी पट्टी मोजाल तितकी चूक कमी. ४० ते ६० टक्क्यांच्या छोट्या पट्टीवरून कोणी बॅटरीची हेल्थ, म्हणजे उरलेली क्षमता, काढून दाखवत असेल तर ते मान्य करू नका.

दुसऱ्या बाजूनेही ताळा घ्या. स्टिअरिंगमागच्या पडद्यावरच्या ट्रिप मीटरवर सरासरी वॉट-तास प्रति किलोमीटर दिसतात. समजा ६० टक्के चार्जमध्ये ११० किलोमीटर झाले आणि सरासरी १४० दिसली. ११० गुणिले ०.१४० म्हणजे १५.४ युनिट, भागिले ०.६ म्हणजे पावणेसव्वीस युनिटच्या जवळ, म्हणजे ८५ टक्के. दोन्ही पद्धतींची उत्तरं पाच टक्क्यांच्या आत आली तर त्यावर विश्वास ठेवा. फार फरक पडला तर बॅटरीची टक्केवारीच चुकीची दाखवली जात असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचं कारण शोधायला हवं.

हे विशेषतः एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेट सेलच्या गाड्यांत होतं. या सेलचं व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे मधल्या पट्ट्यात किती भरलंय हे व्होल्टेजवरून कळत नाही. गाडी आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज ठेवते आणि १०० टक्क्यांपर्यंत हळू चार्ज झालं की तो अंदाज दुरुस्त करते. मालकाने महिनोन्महिने ३० ते ८० मध्येच गाडी वापरली तर हिशेब भरकटतो. मग २२ टक्क्यांवरून एकदम ९ टक्के, किंवा पाच टक्के दाखवत असताना गाडी बंद, असे प्रकार होतात.

यात खरी बिघाडलेली बॅटरी कोणती आणि फक्त असमतोल झालेली कोणती, हे ओळखायची एक रीत आहे. घरच्या हळू चार्जरवर १०० टक्के करा आणि शंभर झाल्यावरही तीन-चार तास लावूनच ठेवा. त्या वेळात पॅक आपल्या सेलची पातळी जुळवून घेतो. आधी आणि नंतर सेलच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजमधला फरक नोंदवा. एक-दोन वेळा असं करून फरक कमी झाला आणि टक्क्यांची उडी बंद झाली तर तो नुसता असमतोल होता, त्यावरून भाव थोडा कमी करून गाडी खुशाल घ्या. फरक तसाच राहिला आणि दर वेळी तोच सेल नंबर सर्वांत खाली दिसला, तर तो सेल थकलाय. चारचाकीच्या पॅकमध्ये एक थकलेला सेल अख्ख्या पॅकला मागे ओढतो, कारण तो रिकामा झाला की गाडी बाकीचे भरलेले असले तरी थांबते.

सेलचे आकडे बघायला ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं कार स्कॅनरसारखं अ‍ॅप लागतं. सगळ्या मॉडेलमध्ये सगळे आकडे दिसत नाहीत. दिसले नाहीत तर अधिकृत केंद्रात पैसे भरून त्यांच्या स्कॅनरवर तपासणी करा आणि अहवाल छापून घ्या. निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलच्या पॅकमध्ये गाडी उभी असताना १० ते ३० मिलिव्होल्टचा फरक चालतो, ५० च्या वर गेला तर विचारपूस करा. मग २० ते ३० टक्के चार्जवर एखाद्या चढावर किंवा उड्डाणपुलावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सर्वांत कमी सेलकडे बघा. बाकीचे सगळे सारखे खाली जातात आणि एकटाच १०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त कोसळतो, असं दिसलं तर गाडी नाकारा. एलएफपी पॅकमध्ये मधल्या पट्ट्यातला फरक जवळपास शून्यच दिसेल, त्यावर खूश होऊ नका. त्याची परीक्षा ९५ च्या वर आणि २० च्या खालीच होते.

बॅटरी कुठे जगली हेही विचारा. उष्णता आणि भरलेली बॅटरी ही जोडी सेलना सर्वांत जास्त म्हातारं करते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात १०० टक्के भरून उघड्या उन्हात उभी राहणारी गाडी आणि नाशिकला झाकलेल्या पार्किंगमध्ये ६०-७० टक्क्यांवर उभी राहणारी गाडी, किलोमीटर सारखे असले तरी सारख्या नसतात. सहा-आठ महिने न वापरता ठेवलेली कमी किलोमीटरची गाडी लोकांना फार आवडते. अशा गाडीची मोजणी तर मुळीच चुकवू नका.

एसी चालतो का, ही ईव्हीत फक्त आरामाची बाब नाही. नेक्सॉनसारख्या गाडीत बॅटरीभोवती कूलंट (थंड करणारा द्रव) फिरतं आणि ते थंड करायला एसीचाच गॅस वापरला जातो. कॉम्प्रेसर कमजोर असेल किंवा गॅस गळत असेल तर उन्हाळ्यात बॅटरी तापते, फास्ट चार्जिंगचा वेग पडतो, चढावर ताकद कमी होते. म्हणून फास्ट चार्जिंग चालू असताना एसी फुल लावून आत बसा. थंड हवा टिकली पाहिजे आणि चार्जिंगचा वेगही टिकला पाहिजे. बॉनेट उघडून कूलंटची टाकी बघा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर गळती शोधा. कूलंट गढूळ किंवा दोन रंग मिसळल्यासारखं दिसलं तर कोणीतरी बाहेर हवं ते ओतलंय. ईव्हीच्या कूलंटचा प्रकार कंपनीने ठरवलेला असतो आणि तोच घालायचा असतो.

चार्जिंगची परीक्षा दोन्ही पद्धतींनी घ्या, कारण दोन्हींचे भाग वेगळे आहेत. फास्ट चार्जर वीज थेट बॅटरीला देतो. घरच्या सॉकेटवर गाडीच्या आतला चार्जर काम करतो, आणि बिघडतो तो हाच. त्याची किंमत मोठी असते. फक्त फास्ट चार्जरवर दाखवून "चार्जिंग एकदम ओके" म्हणणाऱ्याकडे पोर्टेबल केबल मागा. १५ अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर निदान चाळीस मिनिटं लावून ठेवा. ३.३ किलोवॉटच्या आसपास वीज सलग ओढली गेली पाहिजे, मध्येच तुटता कामा नये. गाडी चार्ज घ्यायला नकार देत असेल तर लगेच गाडीला दोष देऊ नका. जुन्या इमारतींत अर्थिंग नसतं आणि गाडी मुद्दामच थांबते. दुसऱ्या जागी लावून बघा.

फास्ट चार्जरवर जुन्या नेक्सॉनकडून ३० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यात २० ते २५ किलोवॉटची अपेक्षा ठेवा. कंपनीनेही शून्य ते ८० टक्क्यांना साधारण एक तास सांगितला होता. १० किलोवॉटवरच अडकली तर आधी चार्जर बदलून बघा, मग बॅटरीचं तापमान.

पोर्टचं झाकण उघडून पिना जवळून बघा, मोबाइलचा टॉर्च लावून. चांगली पिन एकसारखी चकचकीत असते. काळा डाग, वितळलेल्या प्लास्टिकची कड, हिरवट थर यातलं काहीही दिसलं तर तिथे सैल जोड तापलाय किंवा पाणी बसलंय. केबलच्या तीन पिनच्या प्लगवर पिवळट-तपकिरी झाक असेल तर मालकाच्या घरचं सॉकेट जळालेलं होतं. प्लग बदलता येतो, पण गाडीकडचा पोर्ट महाग पडतो.

मग गाडी लिफ्टवर घ्या. यासाठी गॅरेजवाल्याला पैसे द्या, पण हे टाळू नका. पॅकच्या तळाला लावलेलं आवरण बघा. आपल्याकडचे गतिरोधक आणि शेताकडच्या रस्त्यावरचे दगड इथे लागतात. वरवरचा ओरखडा चालेल. आत दबलेला खड्डा, वाकलेली कड, फाटलेलं सील चालणार नाही, कारण त्या खड्ड्यामागे कूलंटची प्लेट किंवा सेल असतात. अशा ठिकाणी ओल, चिकट डाग, वाळलेल्या कूलंटची पांढरी रेघ शोधा. पॅकच्या बोल्टवर कारखान्यात मारलेली रंगाची खूण तुटलेली असेल तर पॅक खाली उतरवला गेलाय. का उतरवला त्याचा कागद मागा. नारिंगी केबल या हाय-व्होल्टेजच्या आहेत. तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात, त्या नुसत्या बघायच्या. त्यांवर काळी टेप गुंडाळलेली, बाहेरची जोडणी केलेली किंवा उंदराने कुरतडलेली दिसली तर बोलणी तिथेच थांबवा.

पॅकवर आयपी-६७ लिहिलंय म्हणून पुराची भीती नाही, असं विक्रेते सर्रास सांगतात. तो दर्जा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा आहे, आणि तो नव्या, न दबलेल्या पॅकचा आहे. पाणी पॅकमध्ये गेलं नाही तरी बाकीच्या कनेक्टरमध्ये, कार्पेटखालच्या वायरिंगमध्ये, मोटरच्या जोडांत बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात छळतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ बघा. सीटच्या रुळांवर गंज, कार्पेट उचलल्यावर खालच्या फोममध्ये ओल, डिकीच्या तळात वाळलेली माती, हे सगळं बोलतं. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीत खारी हवा जोडांवर बसते, तिथे अर्थिंगचे बोल्ट आणि पोर्टच्या पिना दुप्पट लक्ष देऊन बघा.

पाण्याचा सर्वांत पक्का पुरावा स्कॅनरवर मिळतो: इन्सुलेशन रेझिस्टन्स. हाय-व्होल्टेज वायरिंग आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये किती अडथळा आहे ते तो सांगतो. सुरक्षिततेचा सर्वसाधारण हिशेब डीसीसाठी दर व्होल्टला निदान १०० ओम आणि एसी वीजही जोडलेली असेल तर ५०० ओम असा आहे. ३२० व्होल्टच्या पॅकला ५०० च्या हिशेबाने १६० किलो-ओम किमान. निरोगी गाडी त्याच्या कितीतरी वर, मेगा-ओममध्ये असते. २००-३०० किलो-ओम दाखवणारी गाडी आज चालेल आणि जुलैत हाय-व्होल्टेजचा लाल इशारा देऊन रस्त्यात थांबेल. दोषाच्या कोडमध्ये पी०एए६ दिसला तर तो हाच बिघाड. हे मोजमाप मल्टिमीटरने स्वतः करायला जाऊ नका, स्कॅनरवरच वाचा.

कोड पुसून आणलेल्या गाडीचीही खूण असते. १२ व्होल्टची छोटी बॅटरी काढून लावली की बरेच इशारे तात्पुरते जातात. घड्याळ चुकलेलं, दोन्ही ट्रिप मीटर शून्यावर, रेडिओची स्टेशनं गेलेली, असं एकत्र दिसलं तर गाडी पन्नास-साठ किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. ही छोटी बॅटरी स्वतःही तपासा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर, आणि गाडी चालू स्थितीत आल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये. ती कमजोर असेल तर गाडी भलतेसलते इशारे दाखवते आणि लोक मोठ्या बॅटरीला घाबरतात. चालू स्थितीतही व्होल्टेज वर जात नसेल, तर डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीवरून छोटी भरणारा भाग) बघावा लागेल आणि तो महाग आहे.

चालवून बघण्यात ऐकायचं काय तर घरघर. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर जाते ती गिअरची. वेगाप्रमाणे कायम राहते ती बेअरिंगची किंवा टायरची. डी आणि आर मध्ये बदलताना जोरात ठोका बसत असेल तर माउंट किंवा ड्राइव्हशाफ्ट गेलाय. ईव्ही पेट्रोल गाडीपेक्षा जड असते, त्यामुळे पुढचे टायर, लिंक रॉड आणि बुश लवकर झिजतात, पण हे सगळं स्वस्तात होतं. ब्रेक मात्र वेगळ्या रीतीने तपासा. रिजेनमुळे डिस्क कमी वापरल्या जातात, त्यांना गंज चढतो आणि कॅलिपर अडकतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, साठच्या वेगावर न्यूट्रल करा आणि ब्रेक दाबा. आता रिजेन नाही, फक्त खरे ब्रेक आहेत. गाडी एका बाजूला ओढली किंवा पेडल थरथरलं तर डिस्क बदलायच्या तयारीने भाव करा.

हायब्रिडचा विचार करताना आधी ती खरी हायब्रिड आहे का ते बघा. जुन्या सिआझ-अर्टिगावर एसएचव्हीएस किंवा स्मार्ट हायब्रिडचा बिल्ला असतो. ती गाडी विजेवर चालत नाही, तिच्यात इंजिनला थोडी मदत करणारा जनरेटर आणि छोटी बॅटरी आहे. जाहिरातीत 'हायब्रिड' लिहून तिचा भाव चढवला जातो. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर २०२२ मध्ये आल्या त्या दोन्ही प्रकारांत. इंजिन बंद राहून नुसत्या मोटरवर गाडी हलते ती स्ट्राँग. तिची लिथियम बॅटरी जेमतेम ०.७६ युनिटची आहे. ती बदलावी लागली तरी खर्च ईव्हीच्या पॅकच्या जवळपासही जात नाही, आणि तिलाही ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे.

या बॅटरीला पाणी नाही, हवा थंड करते. ती हवा प्रवाशांच्या भागातून ओढली जाते आणि तिथल्या जाळीवर धूळ, केस, मुलांनी सांडलेला खाऊ बसतो. जाळी भरली की पंखा ओरडतो आणि बॅटरी तापून लवकर मरते. जाळी उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मग गाडी रेडी स्थितीत, पी मध्ये उभी करून एसी फुल लावा. इंजिन काही मिनिटं बंद राहिलं पाहिजे, नंतर चालू होऊन बॅटरी भरून पुन्हा बंद झालं पाहिजे. दर मिनिटाला चालू-बंद होत असेल आणि बॅटरीच्या रेघा भराभर वर-खाली पळत असतील तर क्षमता गेलीय. स्कॅनमध्ये पी०ए८० आला तर बॅटरी पॅकच थकल्याचा कोड आहे. जुन्या पिढीच्या कॅमरीत किंवा इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते, तिथे प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज भाराखाली शेजाऱ्याशी ताडून बघायचं.

बॉनेटखाली दोन कूलंट टाक्या असतात, एक इंजिनची आणि एक इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या भागाची. दुसरी कोणी बघत नाही, तुम्ही बघा. टोयोटाच्या ब्रेकमध्ये विजेचा पंप असतो. दार उघडल्यावर तो दोन-तीन सेकंद घरघरतो, ते बरोबर आहे. दर एक-दोन वेळा ब्रेक दाबला की पुन्हा-पुन्हा धावत असेल तर आतला दाब टिकत नाही आणि तो भाग महागाचा आहे. बाकी इंजिन आहेच. सकाळी थंड असताना चालू करून बघा, धूर, तेल, पीयूसी, सगळं नेहमीसारखं.

दोघींपैकी कोणती, याचं उत्तर रोजच्या वापरावर आहे. घरी किंवा सोसायटीत स्वतःचं चार्जिंग असेल आणि रोज शंभर किलोमीटरच्या आत फिरणं असेल तर ८५ टक्क्यांच्या वरची नेक्सॉन घ्या. पुणे-कोल्हापूर, मुंबई-रत्नागिरी अशी ये-जा असेल आणि चार्जिंगची सोय नसेल, तर हायब्रिडच बरी पडेल.

व्यवहार ठरला की काही गोष्टी लगेच उरकायच्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि कर लागणार की सूट मिळणार याची आरटीओत आधी चौकशी, थकलेली ई-चलनं विकणाऱ्याच्या खर्चाने. डीलरकडून घेत असाल तर जीएसटी त्याच्या नफ्यावर असतो, गाडीच्या अख्ख्या किमतीवर नाही. दोन खासगी व्यक्तींमध्ये तो लागतच नाही. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नो-क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. दोन्ही किल्ल्या आणि पोर्टेबल चार्जिंग केबल ताब्यात घ्या. भिंतीवरचा चार्जर किमतीत आहे का ते आधीच लिहून घ्या. आणि कनेक्टेड अ‍ॅपमधून जुन्या मालकाचं खातं त्याच्यासमोरच काढून टाका. तो तुमच्या गाडीचं ठिकाण बघू शकतो, काही मॉडेलमध्ये दारं उघडू शकतो, आणि नवं खातं जोडायला बहुधा त्याच्याच फोनवरचा ओटीपी लागतो. तो घरी गेल्यावर हे काम अडतं.